ओझे, पाटा आणि शॉकअप

आदिलाबाद जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला दोन तऱ्हेची जमीन भेटते. पैनगंगेच्या बाजूला कापसाची काळी जमीन, पावसाळ्यात चाकाला धरून बसणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडे चढत गेले की दगडगोट्यांचे पठार, ओढे, सागाचे जंगल आणि घाट. नागपूर-हैदराबाद हा जुना हमरस्ता, पूर्वीचा सात क्रमांकाचा आणि आताचा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, गुडीहतनूर, इच्चोडा, निर्मल असा जातो आणि पठार बाजूलाच ठेवतो. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले, तर मुधोळ आणि भैंशाकडचा भाग नांदेडमधून तिकडे गेला. सीमा कागदावर पडली. रस्ते, बाजार आणि सोयरिकी दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या. या मुलखातल्या वाहनांचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. खडबडीत वाटेचा धक्का गाडीच्या कुठल्या भागाने सोसायचा, हे इथे कारखान्यापेक्षा ओझ्यानेच जास्त ठरवले. म्हणून आज जीपचा किंवा थारचा शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजातला शॉकअप, बदलायला निघालेल्या माणसाने कंपनीचे नाव विचारण्याआधी आपण गाडीत काय आणि किती भरतो हे स्वतःला विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. शेकडो वर्षे या वाटांवर बंडी चालली आणि तिला ना स्प्रिंग होती ना शॉकअप. मग त्यावाचून अडते कुठे? ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ 1941 मध्ये राजगोंड आदिवासींच्या अभ्यासासाठी इथे आले, तेव्हा पठारावरची गावे प्रामुख्याने गाडीवाटांनी आणि पायवाटांनी जोडलेली होती. आदल्याच वर्षी जोडेघाटला गोंड नेता कुमरम भीमचा उठाव निजामाच्या पोलिसांनी चिरडला होता. गोंडांच्या गाऱ्हाण्यांकडे लक्ष देणे सरकारला भाग पडले होते, आणि त्यासाठी आधी तिथवर पोहोचणे भाग होते. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेस्राम घराण्यांचे तांडे बंड्या जुंपूनच येत. या बंडीचे चाक माणसाच्या कमरेच्या वर येई. एवढे मोठे चाक हातभर खड्ड्यात उतरत नाही, त्याच्या ओठावरून पुढे जाते. लाकडी सांगाडा सुंभाने आणि खुंट्यांनी बांधलेला, प्रत्येक सांधा थोडा सैल. वाट तिरकी झाली की सगळी गाडीच थोडी पिळवटते आणि धक्का त्या सैलपणात मुरतो. खाली कडबा अंथरला की उरलेला धक्का तो घेतो. मुख्य म्हणजे वेग ताशी तीन-चार किलोमीटर. धक्क्यातली ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे बैलाच्या चालीला जो दगड नुसता हेलकावा देतो तोच दगड ताशी तीस किलोमीटरला आस वाकवतो. बंडीचे उदाहरण स्प्रिंगविरुद्धचा पुरावा ठरत नाही. बंडी हेच मुळी मोठे चाक, सैल सांधे आणि संथ चाल यांवर बेतलेले एक पूर्ण उत्तर होते. घोड्याने किंवा इंजिनाने चाल वाढवली त्या दिवशी ते उत्तर अपुरे पडले.

चाल वाढल्यावर स्प्रिंग आली. लंडनच्या ओबडाया एलियटने 1804 साली लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि पुढच्या शंभर वर्षांत बग्गीपासून टांग्यापर्यंत सगळीकडे पोलादी पाटे बसले. पाट्याचा एक गुण कमी लोकांच्या ध्यानात येतो. एकावर एक रचलेल्या पट्ट्या वाकताना एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात उसळी थोडी मरते. घोड्याच्या वेगाला तेवढे पुरे होते. मोटारीला ते पुरेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ट्रुफोने घर्षणाच्या चकत्यांचा शोषक बनवला, अमेरिकेत हार्टफर्डने तो विकला. पुढे तेलाचे शोषक आले आणि 1930 नंतर आजच्यासारखी नळी रूढ होत गेली. निजामाच्या रेल्वेने 1932 साली 27 गाड्या आणि 166 माणसांनिशी बससेवा सुरू केली, तिचे जाळे पुढे मराठवाडा आणि तेलंगण दोन्हीकडे पसरले. बस मात्र बांधलेल्या रस्त्यावर चालणारे वाहन. हमरस्ता सोडून पठारावर चढायला दुसरेच काही हवे होते, आणि ते युद्धातून आले.

विलीज जीप ही अमेरिकी लष्कराच्या यादीत पाव टनाचा ट्रक म्हणून नोंदलेली होती. रस्ता सोडून चालताना सुमारे सव्वादोनशे किलो ओझे, हा तिचा हिशेब. त्या हिशेबाने तिचे पाटे आणि तेलाचे शॉकअप ठरले. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र बंधूंनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि ती जीप हळूहळू सगळ्या सरकारी खात्यांची गाडी झाली. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या सरकारचे रूपच झाले. पाठोपाठ मलेरियावाले, वनखाते, तहसील. या जीपमध्ये साहेब, चालक, शिपाई आणि फायली. म्हणजे साधारण तेवढेच ओझे, जेवढे आखणाऱ्याच्या मनात होते. पाटा मऊ, शॉकअप त्याला जुळता, आणि नियमित देखभालीला सरकारी वर्कशॉप. अशी जीप उटनूरच्या दगडी वाटेवर बरी चाले यात नवल नाही. शॉकअप वजन पेलत नाही, ही गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापाशी आहे. वजन पेलतो पाटा. दबलेला पाटा साठवलेली ताकद परत फेकतो आणि गाडी उसळते. ती उसळी शॉकअप मारतो. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने अर्धवट दाबून दांडा रेटावा तसे आतले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते, ताकदीची उष्णता होते आणि ती नळीच्या अंगावरून हवेत जाते. जितक्या जोरात रेटाल तितका विरोध जास्त.

मग जीप सरकारी हातातून खासगी हातात आली. काही लिलावात निघालेल्या, काही नव्या घेतलेल्या. डिझेल इंजिन आल्यावर चालवणे परवडू लागले, आणि 1990 नंतर लांब सांगाड्याच्या कमांडरसारख्या गाड्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची वाहतूक उचलली. एसटी किंवा आरटीसीची बस दिवसातून एखाद-दुसरी फेरी करी, काही गावांना तेवढीही नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी जीपमध्ये परवान्यावरच्या माणसांच्या दुप्पट माणसे, टपावर धान्याची पोती आणि कोंबड्यांचे खुराडे, मागच्या फळीवर उभे राहिलेले चार जण. एका माणसाचे सरासरी पन्नास किलो धरले तरी पंधरा माणसांचे साडेसातशे किलो होतात. कमांडर ही मूळ विलीजपेक्षा मजबूत होती हे खरे, पण इतके ओझे तिच्याही हिशेबात नव्हते. मालकासमोरचा प्रश्न सरळ होता. भरलेली गाडी मागून बसते, टायर मडगार्डला घासतो, खड्ड्यात ॲक्सल चेसिसवर आपटतो. गॅरेजवाल्याचे उत्तरही सरळ होते: एक पाटा वाढव. कुठल्यातरी ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापलेली पट्टी मधे घातली, लांब यू-बोल्ट लावले, गाडी दोन बोटे उचलली गेली, काम झाले. हा इलाज आदिलाबादपुरता नव्हता. जिथे जीप प्रवाशांवर चालली तिथे तो झाला.

या इलाजाचा शॉकअपवर काय परिणाम झाला, ते मात्र सहसा कोणी मांडत नाही. पाटा वाढवला की ॲक्सल चेसिसपासून दूर जातो. वर चेसिसला आणि खाली ॲक्सलला बांधलेला शॉकअप त्यामुळे कायमचा ताणलेल्या अवस्थेत उभा राहतो. गाडी रिकामी परत येताना चाक एखाद्या खड्ड्यात उतरले की नळीत लांबायला जागाच उरत नाही. आतला दट्ट्या टोकाला जाऊन आपटतो. हे दिवसातून शेकडो वेळा झाले की आधी रबरी बुश फाटतात, मग डोळ्याची वेल्डिंग सुटते किंवा चेसिसवरची पिन तुटते, सील जाते, तेल गळते. वर पाटा कडक झाल्याने उसळीची ताकद वाढलेली, आणि शॉकअपमधली छिद्रे मात्र मऊ पाट्याच्या मापाची. थोडक्यात, शॉकअपला त्याच्या कुवतीबाहेरचे काम द्यायचे आणि ते करायला जागाही ठेवायची नाही, अशी ही व्यवस्था. दोन-चार महिन्यांत जोडी खलास. मालकाने अनुभवातून निष्कर्ष काढला की या रस्त्यांवर शॉकअप टिकतच नाही, पैसे घालू नका. मग मोकळे लोंबणारे शॉकअप काढूनच ठेवले जात, किंवा गळके तसेच शोभेला राहत. रोगाचे कारण इलाजात होते आणि दोष औषधाला गेला.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शॉकअपविना या जीपा वर्षानुवर्षे चालल्याच ना? चालल्या. त्या मेकॅनिकांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. त्यांना जे दिले होते त्यात त्यांनी बरोबर हिशेब केला: गाडी बहुतेक वेळ भरलेली, वेग कमी, उत्पन्न माणशी ठरलेले, आणि शॉकअपच्या जोडीचे पैसे म्हणजे बऱ्याच फेऱ्यांची कमाई. शिवाय गंजलेल्या, धूळ भरलेल्या जाड पाट्यांच्या थप्पीत घर्षण इतके असते की उसळी बरीचशी तिथेच मरते. त्यांचे उत्तर बंडीच्या उत्तराच्या जवळ गेले होते: जड, कडक, संथ. त्याची किंमत मात्र कोणीतरी मोजत होते. पाट्यांचे घर्षण धक्का लहान असो वा मोठा, जवळजवळ तेवढेच राहते. छोट्या खडीवर ते पाट्याला हलूच देत नाही, म्हणून सगळी थरथर मणक्यात जाते. मोठ्या खड्ड्यावर ते पुरत नाही, म्हणून चाक जमीन सोडते. जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकते. केरामेरीसारख्या घाटात उतरताना ही बाब आरामाची राहत नाही. दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणीला त्या फळीवर बसून काय सोसावे लागले असेल, ते मालकाच्या हिशेबात कुठेच धरलेले नव्हते. मेकॅनिक आपल्या जागी बरोबर, पण हिशेबच अर्धवट, असा माझा निवाडा आहे.

तिसरा आक्षेप आजचा. आता रस्ते झाले. महामार्ग चौपदरी, डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने वाड्या-पाड्यांपर्यंत डांबर नेले, मग ही चर्चा कशाला? उलट, डांबराने शॉकअपचे काम वाढवले आहे. डांबरी रस्त्यावर वेग वाढतो, आणि तोच रस्ता दोन पावसाळ्यांनी कडेला फुटतो, मोरीपाशी खचतो, काळ्या जमिनीवर बांधलेला असेल तर लाटांसारखा होतो. साठच्या वेगात अचानक समोर आलेली मोरी गाडीवाटेपेक्षा जास्त घातक. शिवाय वाहनही बदलले. 2010 च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. 2020 च्या थारमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग आहे. कॉइलमध्ये पट्ट्यांचे घर्षण नाही. उसळी मारण्याचे जवळजवळ सगळे काम एकट्या शॉकअपवर येते. जुन्या जीपच्या अनुभवावरून कोणी थारलाही शॉकअप काय, कसाही चालतो असे म्हणत असेल तर त्याने दोन वेगळी यंत्रे एक समजली आहेत.

आता निवडीकडे. बाजारात ढोबळमानाने दोन जाती. एक दुहेरी नळीची, तेलाची किंवा थोडा गॅस भरलेली. गेब्रियलने 1961 साली मुलुंडला कारखाना काढला तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर याच तऱ्हेचा शॉकअप राहिला आहे. दुसरी एकेरी नळीची, जास्त दाबाच्या नायट्रोजनची. फ्रान्सच्या द कार्बनची कल्पना, जी 1950 च्या दशकात बिल्स्टाइनने बाजारात आणली. खडीच्या रस्त्यावर तासन्‌तास चालताना दुहेरी नळीतले तेल तापते, हवेत मिसळून फेसाळते आणि शॉकअप ढिला पडतो. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा हे लवकर घडते. एकेरी नळीत तेल आणि गॅस यांच्यामधे सरकता पडदा असतो, फेस होत नाही, उष्णताही थेट बाहेर जाते. म्हणून महाग तोच चांगला, असे विकणारा सांगतो. पण एकेरी नळीच्या आतल्या भिंतीवरूनच दट्ट्या सरकतो; ओढ्यातल्या गोट्याने तिला पोचा पडला की दट्ट्या अडकतो आणि नग फेकून द्यावा लागतो. दुहेरी नळीला तसाच पोचा पडला तर ती बहुधा चालत राहते. स्वस्त मिळते, तालुक्याच्या गावी मिळते, हेही आहे. म्हणजे पुन्हा ओझे आणि वापर. शेतावर खताची पोती नेणारी, चाळीसच्या वर क्वचित जाणारी बोलेरो किंवा जुनी जीप असेल तर चांगल्या प्रतीची जाड दुहेरी नळी हेच शहाणपण. आदिलाबादहून नागपूर-हैदराबाद करून अधूनमधून जंगलवाटेला लागणाऱ्या थारला एकेरी नळीचा विचार करावा. आणि सगळ्यात कडक तो सगळ्यात मजबूत, हा गैरसमज सोडावा. रिकाम्या गाडीवर कडक शॉकअप चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही.

कुठलीही जात घ्या, लांबीचे माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका चाकाखाली चढण देऊन ॲक्सल रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबायचा आणि वरच्या-खालच्या बोल्टांच्या केंद्रांमधले अंतर मोजायचे. मग चेसिसला घोडी लावून ॲक्सल मोकळा लोंबू द्यायचा आणि तेच अंतर पुन्हा मोजायचे. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी पहिल्या मापाहून बोटभर कमी आणि उघडलेली लांबी दुसऱ्याहून बोटभर जास्त हवी. ठोकळा आधी टेकला पाहिजे, शॉकअप नंतर. ज्यांनी पाटा वाढवला आहे किंवा गाडी दोन इंच उचलली आहे त्यांची जुन्या मापाची जोडी पहिल्याच हंगामात का जाते, ते या दोन आकड्यांवरून लगेच कळते.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे. पुढच्या चाकांना ठोकळे, चेसिसखाली घोड्या, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. नाहीतर जुना शॉकअप सुटताच ॲक्सल खाली जातो आणि सगळा ताण ब्रेकच्या रबरी पाइपवर येतो. तेलाचा नवा शॉकअप खोक्यात आडवा आलेला असतो, त्यामुळे आतली हवा भलत्या जागी असते. तो बसवायच्या जागी जसा राहणार तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. दांडा मधेच हलका लागायचा थांबला की हवा निघाली. गॅसच्या शॉकअपला बांधलेली पट्टी वरचे टोक बसल्याशिवाय कापू नये, तो सावकाश पण जोरात उघडतो आणि बोट मधे सापडू शकते. बुश नवेच घालावेत. यानंतरची चूक सर्रास होते: गाडी हवेत लटकत असतानाच नट आवळून टाकतात. तसे केले की चाके जमिनीला टेकताच नळीला चिकटवलेले रबर पिळले जाते आणि तसेच पिळलेले राहते. महिनाभरात ते फाटते. नट हाताने बसते करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मग शेवटचे आवळायचे. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर पान्हा पुन्हा एकदा लावून पाहायचा. एका ॲक्सलवरचा एक गेला तरी बदलायची जोडीच, नाहीतर दोन चाके दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी उसळतात.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग पाटाही बदलू, गाडीही उचलू आणि त्याला साजेसे लांब शॉकअप टाकू. यंत्र म्हणून ते चुकीचे नाही, कायद्याने मात्र अडचणीचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या रचनेविरुद्धच्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याचा दावा तपासणारा माणूस गाडीची उंचीही पाहतो. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा, ओझ्याला जुळणारा नवा घालणे ही दुरुस्ती आहे आणि तिला कोणाची हरकत नाही. म्हणून आदिलाबाद, किनवट, माहूर, जिवतीकडच्या मालकांना एवढेच सांगणे आहे: गॅरेजात जाताना गाडी रिकामी नेऊ नका. नेहमीचे ओझे भरून न्या, सपाट जागी उभी करा, मागची उंची मोजा, आणि मेकॅनिकला आधी पाटे पाहायला सांगा. बसलेला किंवा तुटलेला पाटा असेल तर तो कंपनीच्या मापाचा घाला. शॉकअपची जोडी त्यानंतर विकत घ्या.